खिडकीपुढचं कपाट

"ढकला की गं! तुम्ही दोघी नुसत्या टेकून उभ्या हायसा," हौसाक्का ओरडली आणि स्वतःच हसायला लागली.

हौसाक्का म्हणजे आमची शेजारीण. अंगापिंडानं दणकट बाई. ती नसती तर ते कपाट आम्हा मायलेकींच्यानं हललंच नसतं. लोखंडी, जुनं, माझ्या लग्नाच्या आधीपासून सोप्याच्या त्या एकाच भिंतीला लागलेलं. आमच्याकडं घराच्या पुढच्या खोलीला सोपा म्हणतात. माझी लेक सुवर्णा एका बाजूनं, मी दुसऱ्या बाजूनं आणि मधे हौसाक्का. कपाट करकरत सरकलं आणि मागची खिडकी मोकळी झाली. किती वर्षांची जळमटं होती देव जाणे. सुवर्णानं केरसुणीनं ती ओढली, कडी ठोकून ठोकून सैल केली आणि दारं बाहेर ढकलली.

ऊन थेट आत आलं. समोरच्या भिंतीवर जाऊन पडलं.

"अगं बया," हौसाक्का म्हणाली, "एवढा मोठा सोपा हाय तुमचा?"

खिडकी का झाकली होती ते सांगायला हवं. माझे सासरे आंधळे होते. सगळं गाव त्यांना आबा म्हणायचं. मी लग्न होऊन आले तेव्हाच त्यांना दिसत नव्हतं. मोतीबिंदू बिघडला असं घरातले सांगायचे आणि गावही तसंच समजायचं. आबांचा वावर सगळा सोप्यात. त्यांची कॉट, त्यांचं बाकडं, त्यांचा पाण्याचा तांब्या. नव्या सुनेला सासूबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "ह्या घरात वस्तू जागची हलवायची न्हाई. केरसुणीसुदीक." ज्याला उजेडाचा उपयोग नाही त्याच्या खोलीत खिडकीपुढं कपाट आलं तर कुणाचं काय अडणार होतं? सासूबाई गेल्या. नंतर कितीतरी वर्षांनी आबाही गेले. तरी आम्ही तशाच अंधारात चाचपडत राहिलो. नुसती सवय.

आबांचं वर्षश्राद्ध झालं आणि मी मनाशी ठरवलं. सुवर्णाची दहावीची परीक्षा तोंडावर आली होती. पोर चुलीपुढं नाहीतर उंबऱ्यात बसून अभ्यास करायची. मी गावच्या अंगणवाडीत सेविका. चार चित्रं आणि दोन रंगीत पताका लावल्या की लहान पोरांची तोंडं कशी फुलतात ते रोज बघत होते. म्हटलं, आपल्या घराला पण एवढं करूया. खर्च करायचा नाही, आहे त्यातच करायचं. गोठ्याला लावून उरलेला चुना डब्यात भिजत होता, त्यात निळीचे थेंब टाकून भिंती पांढऱ्या केल्या. सासूबाईंचं विरलेलं इरकली लुगडं होतं, त्याचे काठ धरून पडदा शिवला. आबांची कॉट खिडकीखाली घेतली, त्यावर धुतलेलं घोंगडं. बाकडं दाराजवळच्या भिंतीला होतं, ते सुवर्णाच्या लिहायच्या सोयीसाठी उजेडात ओढलं. संध्याकाळी आम्ही दोघी मधोमध उभ्या राहून नुसत्या बघत राहिलो. सुवर्णा म्हणाली, "आई, आपलं घर कुणीतरी बदलून दिल्यासारखं वाटतंय."

हे दिवेलागणीला घरी आले. हे म्हणजे माझे मालक, हिंदुराव. नाव घ्यायची आमच्यात तेव्हा रीत नव्हती, म्हणून आताही जिभेला 'हे'च येतं. यांची स्वतःची जीप होती. गावातून माणसं भरायची, गारगोटीला सोडायची आणि तिकडची परत आणायची. आमच्याकडं त्याला वडाप म्हणतात. माणूस कष्टाळू, सुपारीचं सुद्धा व्यसन नाही. हल्ली मात्र शेवटची खेप लवकर करायला लागले होते. मी विचारलं तर म्हणायचे, अंग दमतं.

आम्ही दोघी आत लपून बसलो होतो. सोप्यातला दिवा लावून ठेवला होता. मनात होतं, हे आत येतील, थबकतील, विचारतील हे काय केलंत म्हणून.

हे आत आले. पायातलं काढलं. थांबले नाहीत, इकडं तिकडं बघितलं नाही. रोजच्यासारखे दोन पावलं डावीकडं गेले, वळले आणि बाकड्यावर बसायला गेले. बाकडं तिथं नव्हतं. धाडदिशी खाली आपटले.

सुवर्णाला हसू फुटलं. पोरच ती. मलाही आधी हसूच आलं होतं, खोटं कशाला सांगू. मग मी यांचं तोंड पाहिलं. कोपर फुटलं होतं, पण तोंडावर दुखल्याचं काही नव्हतं. भ्यालेल्या माणसाचं तोंड होतं ते.

"कुणी हलवलं?" हे बसल्या जागेवरून ओरडले. "कुणी हात लावला ह्या घराला?"

"मीच लावला," मी म्हणाले. "पोरीला अभ्यासाला उजेड…"

"हुतं तसं ठेव! आत्ताच्या आत्ता! माझ्या बानं लावलेलं घर हाय हे!"

हा माणूस माझ्याशी कधी आवाज चढवून बोलला नव्हता. सुवर्णा रडत आत पळाली. मी हळद दाबायला पुढं गेले तर माझा हात झटकला. मी मनात म्हटलं, आबांच्या आठवणीनं जीव कासावीस झालाय. वर्ष झालं तरी बाप तो बाप. आपणच घाई केली.

दुसऱ्या दिवशी मी बाकडं जुन्या जागी नेऊन ठेवलं. कपाट मात्र हलवलं नाही. परीक्षा होईपर्यंत राहू दे, मग बघू म्हटलं. हेही त्यावर काही बोलले नाहीत. बोलणंच एकूण कमी झालं होतं.

सोप्यात आता उजेड होता, म्हणून जे कधी दिसलं नव्हतं ते दिसायला लागलं. एका सकाळी मी खिडकीपाशी तांदूळ निवडत होते. हे आतल्या खोलीतून बाहेर आले आणि दाराकडं निघाले. चालताना डाव्या हाताच्या बोटांची मागची बाजू भिंतीला लावून चालले होते, अगदी हळू, कुणाच्या लक्षात येऊ नये तसं. नव्या चुन्याचे पांढरे डाग बोटांवर उमटले होते.

सूप माझ्या मांडीवर तसंच राहिलं. ती चाल मी रोज बघितलेली होती. आबा तसेच चालायचे.

मी यांना काही विचारलं नाही. चहा केला आणि समोरून न देता बाजूला उभी राहून कप पुढं केला. कप यांच्या खांद्याजवळ होता. हे समोर बघत बसले होते. मी तशीच उभी राहिले. वाफ निघत होती. थोड्या वेळानं हे म्हणाले, "शालन, चहा झाला न्हाई व्हय अजून?"

"झाला," मी म्हणाले आणि कप समोर आणला. लगेच हसून हातात घेतला.

मी अंगणवाडीला निरोप पाठवला की आज उशीर होईल, आणि यांना म्हणाले, "मला गारगोटीला यायचंय. सुवर्णाच्या वह्या आणायच्यात." यांनी हो नाही काही म्हटलं नाही. मी पुढं, यांच्या शेजारी बसले. मागं माणसं दाटीनं बसली होती. माझ्या अंगणवाडीतल्या एका पोराची आई त्याला मांडीवर घेऊन होती, लसीचा डोस द्यायला निघालेली. पोरगं मला बघून "बाई, बाई" करत होतं.

रस्ता यांच्या हाताखालचा. खड्डा कुठं, वळण कुठं, सगळं ठाऊक. मला क्षणभर वाटलं, आपलंच चुकतंय, एवढी सरळ गाडी चालवणारा माणूस आंधळा कसा असेल? पुलाच्या अलीकडं उसाचे फड आहेत. डावीकडच्या बांधावरून एक म्हातारी वैरणीचा भारा डोक्यावर घेऊन रस्त्यावर उतरत होती. मला ती चांगली दिसली. मागच्या माणसांनाही दिसली असणार. हे समोर बघत होते आणि गाडी जशीच्या तशी चालली होती.

"अवं, डावीकडं!" मी किंचाळले.

यांनी ब्रेक दाबला. मागची माणसं एकमेकांवर आली, पोरगं रडायला लागलं. म्हातारी बॉनेटच्या पुढ्यात बसकण मारून बसली होती, भारा सुटून रस्ताभर वैरण झाली होती. धरमवाडीची आक्काताई होती ती. तिला काही लागलं नव्हतं. पण उठवून बांधावर बसवली तेव्हा ती यांच्याकडं बघून एकच विचारत होती, "हिंदुराव, मी दिसलीच न्हाई व्हय रं तुला?"

मागून दुसरं वडाप आलं. त्यात आमची माणसं बसवून दिली. आक्काताई थोडी सावरली आणि भारा तिथंच टाकून घराकडं गेली. रस्त्यावर आम्ही दोघंच राहिलो. हे जीपच्या पायरीवर बसले होते.

"कवापास्नं?" मी विचारलं.

"कशाचं?"

"अवं, आता तरी लपवू नका."

मग हे बोलायला लागले. कोल्हापूरच्या डॉक्टरनं सांगितलं होतं. आबांना मोतीबिंदू कधीच नव्हता. हे दुसरंच, बापाकडून पोराबाळांकडं येणारं. आधी रात्रीचं जातं, मग कडेचं जातं, मग समोरचं तेवढं उरतं आणि शेवटी तेही जातं. औषध नाही.

"बांबूच्या नळीतनं बघावं तसं दिसतंय," हे म्हणाले. "रस्ता दिसतो, म्हणून म्हटलं रेटू. जवर रेटतंय तवर."

"आणि मला सांगायचं न्हाई?"

"तुला सांगून काय झालं असतं? तू गाडी बंद करायला लावली असतीस." यांनी मान खाली घातली. "आन् दुसरं. आबांचं मोतीबिंदूनं झालं, असं लोकं समजतात. माझं कळलं तर घराण्याला लागलंय म्हणतील. सुवर्णीला कोण करून घील?"

खरंच होतं ते. आमच्याकडं सोयरीक करताना लोक पाच पिढ्या उकरतात.

मग हे म्हणाले, "परवा तुझ्यावर वरडलो. आबा गेल्याचं दुःख म्हणून न्हाई गं. सारं घर मला पाठ हुतं. आबांसाठी जे जिथं ठेवलं त्ये तिथंच. बाहीर सगळीकडं मी भीत भीत पाय टाकतोय. घरात आलो की डोळं असल्यागत फिरायचो. तेवढी एकच जागा हुती. तू हलवलीस, तवा मला कळलं, मी किती आंधळा झालोय."

रस्त्यावरची वैरण तशीच पडली होती. मी ती गोळा करायला वाकले. तोंड लपवायला दुसरी जागा नव्हती.

भारा बांधून बांधावर ठेवला आणि यांच्यापुढं हात केला. "किल्ली द्या."

"घरापतूर तर न्यायला पायजे."

"चालत जाऊ. गाडी पुतण्या आणंल."

यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली खरी, पण संध्याकाळी पुन्हा मागितली. जेवणं झाली होती, सुवर्णा खिडकीखाली कॉटवर पुस्तक घेऊन बसली होती. हे माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "दोन महिनं दे मला. फकस्त दिवसाच्या खेपा करतो. तवर गिऱ्हाईक बघून गाडी इकू. कुणाला काय सांगायचं न्हाई. कटाळा आला म्हणून बंद केली म्हणू."

"आक्काताई आज वाचली," मी म्हणाले.

"तू शेजारी बसत जा."

"आणि ज्या दिवशी मी नसेन त्या दिवशी?"

"शालन, माझी इज्जत जाईल गं. पोरीचं वाटोळं हुईल."

"उद्या सकाळी स्टँडवर तुम्ही सांगायचं. न्हाईतर मी सांगणार."

"बायकोनं येऊन नवऱ्याचं सांगायचं? चारचौघांत?" यांचा आवाज चढला.

तेव्हा पुस्तक मिटल्याचा आवाज आला. आम्ही दोघांनी तिकडं बघितलं. पोरीनं सगळं ऐकलं होतं. खोली मोकळी झाली होती, आता तिथं कुणाचं काही लपत नव्हतं.

"पप्पा," सुवर्णा म्हणाली, "मलाबी हुणार काय?"

ज्या प्रश्नाला आम्ही दोघंही मनात घाबरत होतो तो पोरीनं सरळ विचारला होता.

"म्हाईत न्हाई बाळा," हे शेवटी म्हणाले. "डॉक्टरला दाखवाय लागंल."

ती कॉटवरून उठली, यांच्यासमोर, अगदी समोर येऊन बसली आणि म्हणाली, "मग दाखवू. पण माझ्या लग्नापायी कुणाला मारू नका."

हे तिच्याकडं बघत राहिले. मग उठले आणि भिंतीला हात लावत आतल्या खोलीत गेले. त्या दिवसानंतर यांनी किल्ली कधी मागितली नाही.

पुढचं थोडक्यात सांगते. सुवर्णाला आम्ही कोल्हापूरला दाखवलं. डॉक्टरांनी दिवसभर ठेवून घेतलं, डोळ्यांत औषधं घातली आणि सांगितलं की आज तरी काही नाही, पण दरवर्षी दाखवत राहा. ती अजून दाखवते आणि अजून तिला सगळं दिसतं. तिच्या दोन सोयरिकी ठरता ठरता मोडल्या, कारण आम्ही सगळं आधीच सांगायचो. तिसऱ्या ठिकाणी मुलगा म्हणाला, एवढं खरं बोलणारी माणसं मला चालतील. जीप विकली. हे भावकीतल्या गिरणीवर बसायला लागले, पीठ बोटांनी चोळून जाडं आहे की बारीक ते सांगायचे. आता यांना काहीच दिसत नाही. सोप्यातलं सामान मी आजही अधूनमधून हलवते. आधी यांचा हात धरून फिरवते आणि मगच हलवते.

पण हे सगळं नंतरचं. मला आठवते ती दुसऱ्या दिवशीची सकाळ.

हे लवकर उठले, अंघोळ केली, धुतलेली टोपी घातली. मी मागं निघाले तर अडवलं नाही. स्टँडवर रोजची माणसं उभी होती. दूधवाले, शाळेची पोरं, कोर्टाच्या कामाला निघालेले दोघे, आणि अंगणवाडीतल्या त्या पोराची आई. जीप नाही आणि हे चालत येताहेत, हे बघून कुणीतरी म्हणालं, "काय हिंदुराव, गाडी रुसली काय?"

हे वडाखाली जाऊन उभे राहिले. टोपी काढून हातात घेतली.

"गाडी आजपास्नं बंद," हे म्हणाले. "मला दिसत न्हाई."

एकजण हसला. त्याला थट्टा वाटली असेल.

"माझ्या बाला झालं त्येच मला झालंय. कडेचं काय दिसत न्हाई. काल आक्काताई गाडीखाली आली असती."

पोराची आई पुढं आली. आदल्या दिवशी पोर छातीशी धरून ती जीपमधून उतरली होती. "आणि एवढे दिवस? एवढे दिवस आमची पोरं घेऊन तसाच हिंडत हुतासा?"

मला वाटलं, हे काहीतरी सांगतील. घरची अडचण, पोरीचं लग्न, काहीतरी. मी पुढं होऊन बोलणारही होते.

"व्हय," हे म्हणाले.

तेवढंच. ती बाई यांच्याकडं बघत राहिली, मग पदर तोंडाला लावून बाजूला झाली. कुणी समजूत घातली नाही, कुणी शिवीही दिली नाही. एकेक माणूस एस्टीच्या फाट्याकडं चालायला लागला. एक म्हातारे दूधवाले तेवढे जाताना यांच्या खांद्यावर हात ठेवून गेले.

वडाखाली आम्ही उरलो. हे उन्हातून सावलीत आले होते, डोळ्यांना जमत नसावं. मान इकडं तिकडं फिरवत होते. मी हाताच्या अंतरावर, यांच्या उजव्या अंगाला उभी होते.

"शालन," यांनी हाक मारली. "कुठं हायस?"

"हितंच हाय की."

यांनी हात पुढं केला. समोरच पेठ होती, दुकानं उघडत होती, ओट्यावर माणसं बसलेली. आमच्या लग्नात भटजींनी हात हातात दिला होता, त्यानंतर चारचौघांत यांनी माझा हात कधी धरला नव्हता. आमच्या गावात कुणीच धरत नव्हतं.

मी पदर सारखा केला आणि तो हात धरला. सगळी पेठ बघत होती. आम्ही मधल्या रस्त्यानं घरी गेलो.